सॉसमधला गहू

भाचीच्या सोळाव्या वाढदिवसाला घरीच चायनीज करायचं ठरलं. बाहेरचं तिला चालत नाही. अकराव्या वर्षी तिला सिलिअ‍ॅक असल्याचं निदान झालं आणि गहू, जव, राय या धान्यांतलं ग्लुटेन तिच्या ताटातून कायमचं गेलं. ते पोटात गेलं की शरीर आपल्याच लहान आतड्यावर उलटतं, आतल्या अस्तराची लव झडते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. याला गोळी नाही, इंजेक्शन नाही. टाळणं हाच उपाय, आणि तोही जन्मभर.

तयारी मी जय्यत केली होती. हक्का नूडल्स मैद्याच्या, म्हणून तांदळाच्या आणल्या. मंचुरियनच्या गोळ्यांत मैद्याच्या जागी तांदळाची पिठी आणि कॉर्नफ्लोअर. कढई कोरी. चाळणीही नवी, कारण जुन्या चाळणीच्या जाळीत वर्षानुवर्षांची कणीक बसलेली असते, हे बहिणीनं मला केव्हाच बजावून ठेवलं होतं. आणि एवढा सगळा सोवळेपणा पाळून शेवटी मी सवयीच्या हातानं फडताळातली सोया सॉसची बाटली काढली आणि तीन चमचे ओतले.

रात्री दोनला बहिणीचा फोन आला. "ताई, सॉस कुठला घातला होतास गं?"

पोरीचे पुढचे तीन दिवस अंथरुणात गेले. मी बाटली दिव्याखाली धरली. समोरच्या बाजूला ठसठशीत 'सोया'. पाठीमागे मुंग्यांच्या रांगेसारख्या अक्षरांत पाणी, मीठ, सोयाबीन आणि मग गहू. पन्नाशी उलटली तरी सोया सॉसमध्ये गहू असतो हे मला ठाऊक नव्हतं. मग ज्याला त्याला विचारत सुटले. दहांतल्या नऊ जणांनाही ते ठाऊक नव्हतं, आणि त्यांत एक केटरर होता.

गहू तिथं चुकून पडलेला नसतो, मुद्दाम घातलेला असतो, आणि चिमूटभर नव्हे. जपानमध्ये घरोघरी असतो तो सॉस म्हणजे कोइकुची. तिथल्या एकूण उत्पादनात ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा याचाच. त्यात सोयाबीन आणि गहू जवळजवळ समसमान. सोयाबीन वाफवायचं, गहू भाजून भरडायचा, दोन्ही कालवून त्यावर कोजी पेरायची. कोजी म्हणजे अ‍ॅस्परजिलस ओरायझी ही बुरशी. आपल्याकडे दुधाला विरजण, तशी तिकडे धान्याला कोजी. तिचा मान इतका, की जपानच्या मद्यनिर्मिती-शास्त्राच्या संस्थेनं २००६ साली तिला चक्क 'राष्ट्रीय बुरशी' ठरवलं. तीनेक दिवसांत दाण्यांवर बुरशीचा थर चढला, की सगळं मिठाच्या पाण्यात लोटायचं आणि सहा महिने, कधी वर्ष-दोन वर्षं तसंच ठेवायचं. या मुरत्या लगद्याचं जपानी नाव मोरोमी. शब्दांचं नातं काही नाही, पण मोरोमी म्हटलं की मला आपलं 'मुरणं'च ऐकू येतं.

गव्हाला यात नेमून दिलेलं काम आहे. त्याच्या पिष्टाची साखर होते, त्या साखरेवर यीस्ट जगतं आणि थोडा अल्कोहोल, पुष्कळसा सुगंध तयार करतं. बाटली उघडल्यावर नाकाला भिडतो तो वास बराचसा गव्हाचा. जिभेवर रेंगाळणारा दाटपणा बराचसा सोयाबीनचा. शिरो नावाचा एक फिकट, मधाच्या रंगाचा सॉस आहे. त्यात तर गहूच मुख्य आणि सोयाबीन नावापुरतं. म्हणजे ज्या सॉसमध्ये सोयाबीन जेमतेम, त्यालाही आपण सोया सॉसच म्हणणार.

नावाची तर आणखीच गंमत आहे. आपल्याला वाटतं, सोयाबीनपासून होतो म्हणून सोया सॉस. घडलं उलटं. सॉसचं जपानी नाव शोयू. १६४१ पासून डच व्यापारी नागासाकीच्या बंदरातल्या देजिमा या चिमुकल्या बेटावर अक्षरशः कोंडलेले होते. व्यापार करायचा तो तिथूनच. त्यांच्या जहाजांतून शोयू बाहेर गेला, त्यांच्या तोंडी शोयूचं 'सोया' झालं आणि मग ज्या दाण्यापासून तो होतो त्या दाण्यालाच युरोपनं सॉसचं नाव चिकटवलं. आज लातूरच्या आडतीत शेतकरी 'सोयाबीनला काय भाव?' विचारतो, तेव्हा तो नकळत एका जपानी सॉसचं नाव घेत असतो. ज्या दाण्यावर मराठवाडा आणि विदर्भाचा खरीप हंगाम उभा आहे, तो दाणा पिकवणाऱ्या घरांत सॉस मात्र विकतचा.

डचांचा या गोष्टीशी आणखी एक संबंध आहे, आणि तो माझ्या भाचीच्या बाजूचा आहे. विलेम-कारेल डिके हे हेगमधले मुलांचे डॉक्टर. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये उपासमार झाली. पाव मिळेना. आणि सिलिअ‍ॅकची जी मुलं वर्षानुवर्षं खंगत होती, ती त्या दुष्काळात सुधारली. पाव परत आला तशी ती परत आजारी पडली. डिके यांचा गव्हावर संशय आधीपासूनच होता. १९५० मध्ये त्यांनी प्रबंधात तो मांडून दाखवला. सॉसचं नाव जगभर नेलं ते डचांनी, आणि गव्हाचा गुन्हा पकडला तोही एका डच डॉक्टरनंच.

तर मग गव्हाशिवाय सोया सॉस होतो का? होतो, आणि ते आजच्या आरोग्यवेडाचं फळही नाही. उलट तीच जुनी वाट आहे. तेराव्या शतकात काकुशिन नावाचा बौद्ध भिक्षू चीनमधून मिसो करण्याची एक रीत शिकून आला, असं जपानात सांगतात. वाकायामा भागातल्या युआसा गावी लोक ते करू लागले, तेव्हा पिंपात तळाशी साचलेला काळा रस कुणीतरी चाखून पाहिला. तो टाकायचा नाही, हे बहुधा पहिल्या बोटालाच कळलं असेल. साचणं याला जपानी क्रियापद 'तामारु', म्हणून तो रस 'तामारी'. लोणचं संपलं तरी बरणीतला खार कुणी फेकतं का? त्यातलंच हे.

पुढं एदो, म्हणजे आजचं टोकियो, वाढलं आणि त्या शहराच्या भोवताली, नोदा-चोशी पट्ट्यात, गहू घातलेला सुगंधी सॉस फोफावला. मधला नागोयाचा परगणा मात्र आपल्या चवीला चिकटून राहिला. आइची, मिए, गिफु या तीन प्रांतांत आजही तामारी मुरतो. कृती ऐकली की आपल्या घरच्या बरण्या आठवतात. वाफवलेल्या सोयाबीनचे गोळे करून त्यांच्यावर कोजी चढवतात. मग ते लाकडी पिंपात मिठाच्या अगदी थोड्या पाण्यात रचतात आणि वर दगडांचा डोलारा ठेवतात. पाणी थोडं, म्हणून ढवळता येत नाही. त्यासाठी पिंपात मध्यभागी एक पोकळ नळ उभा करतात. त्यात पाझरून साचलेला रस पळीनं काढून पुन्हा वरून घालत राहायचं. असं वर्षभर, कुठं दोन-तीन वर्षंही. जपानच्या एकूण सॉसमध्ये याचा वाटा जेमतेम टक्का-दोन टक्के आहे.

इथवर वाचून तुम्ही तामारीची बाटली घ्यायला निघाला असाल तर जरा थांबा. मीही अशीच निघाले होते. जपानी व्याख्येप्रमाणे तामारी म्हणजे 'मुख्यतः सोयाबीनचा' सॉस. मुख्यतः, फक्त नव्हे. काही घरंदाज कारखाने परंपरेनंच त्यात मूठभर गहू घालतात. म्हणजे सोया सॉस म्हटला तरी तो निव्वळ सोयाचा नाही आणि तामारी म्हटला तरी तो बिनगव्हाचाच असेल असं नाही. आमच्या घरात तेव्हापासून नियम आहे: बाटलीचं तोंड पाहू नये, पाठ वाचावी.

पाठीवर काय शोधायचं? आधी घटकांची यादी. तामारीत पाणी, सोयाबीन, मीठ, फार तर थोडी साखर किंवा अल्कोहोल असावा. मिए प्रांतात १८०४ मध्ये सुरू झालेल्या सान-जे या घराण्याचा ग्लुटेन-फ्री तामारी अशाच जातीचा, निव्वळ सोयाबीनचा. किक्कोमान या जपानी कंपनीनं दुसरी वाट काढली: त्यांच्या एका ग्लुटेन-फ्री सॉसमध्ये गव्हाच्या जागी तांदूळ आहे. पिष्ट हवं तर तांदळातूनही मिळतं, हे कोकणच्या माणसाला कुणी सांगायला नको. या तांदळाच्या सॉसची चव रोजच्या सोया सॉसच्या जास्त जवळ जाते. यादीखाली अ‍ॅलर्जीची ओळ असते. आपल्याकडे २०२० च्या लेबल-नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्यं आणि सोयाबीन या दोन्हींचा उल्लेख करणं बंधनकारक आहे. आणि शेवटी 'ग्लुटेन-फ्री' हे शब्द. ते छापायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन असता कामा नये. हीच मर्यादा कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची, हीच अमेरिकेची, हीच आपल्या एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची. २० ते १०० च्या मधलं असेल तर आपल्याकडे ते 'लो ग्लुटेन' ठरतं, आणि सिलिअ‍ॅकच्या माणसानं त्या बाटलीच्या वाटेला जाऊ नये.

इथं एक वाद हमखास निघतो, आणि तो घालणारा चांगला शिकलेला असतो. तो म्हणतो, सॉस महिनोन्‌महिने मुरतो, तेवढ्यात गव्हाच्या प्रथिनाचे तुकडे-तुकडे होतात, तपासणीत ते सापडतही नाही, मग साधा सॉस चालायला काय हरकत आहे? पहिली दोन वाक्यं खरी आहेत. मुरताना ग्लुटेन पुष्कळ तुटतं आणि नेहमीच्या चाचणीत साध्या सॉसचा आकडा बऱ्याचदा कमी येतो. पण मेख त्या चाचणीतच आहे. ती अखंड ग्लुटेनसाठी बेतलेली. ग्लुटेनच्या रेणूला दोन जागी पकडता आलं तरच ती त्याला मोजते. तुटका तुकडा तिच्या चिमट्यात येत नाही. तुकड्यांसाठी वेगळ्या पद्धतीची चाचणी आहे, पण तिचा आकडा मूळ ग्लुटेनशी कसा जुळवायचा हाही प्रश्न राहतोच. आणि आतड्याला त्रास द्यायला ग्लुटेन अखंडच असावं लागतं असं नाही, काही तुकडेही पुरतात. म्हणून अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनानं २०२० मध्ये आंबवलेल्या पदार्थांसाठी वेगळा नियम केला: आंबवण्याच्या आधीच कच्चा माल ग्लुटेन-फ्री असला पाहिजे, तसा कागद कारखान्याजवळ असला पाहिजे. मला हा नियम अतिशय शहाणपणाचा वाटतो. शेवटी काय सापडलं यापेक्षा सुरुवातीला काय घातलं, हे विचारणं सोपं आणि खात्रीचं.

आता आपल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली बाटली. हिचं घराणं निराळं. आपलं चायनीज हे कोलकात्याच्या हक्का चिनी मंडळींचं आणि मुंबईचं अपत्य. नेल्सन वँग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन जन्माला घातलं; हिरवी मिरची, लसूण, आलं आणि वर सोया सॉस. तेव्हापासून या सॉसकडून आपली अपेक्षा दोनच गोष्टींची राहिली: काळा रंग आणि खारटपणा. त्यामुळं स्वस्तातल्या पुष्कळ सॉसमध्ये मुरणं-बिरणं नसतंच. तेल काढून उरलेली सोयाची पेंड आम्लात शिजवतात, प्रथिनं तोडतात, सोड्यानं आम्ल मारतात. वर्षाचं काम काही दिवसांत. मग मीठ, साखर, कॅरॅमलचा रंग. लेबलावर याला 'हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन' म्हणतात. पेंडीला नाक मुरडायचं कारण नाही. जपानचे मोठे कारखानेसुद्धा तेल काढलेलं सोयाबीन वापरतात, फक्त ते मुरवतात. चवीच्या बाबतीत मात्र आम्लाच्या सॉसबद्दल माझं मत वाईट आहे. सिलिअ‍ॅकच्या दृष्टीनं त्यात कधी गहू नसतो, कधी असतो. 'व्हेजिटेबल' म्हणजे कुठलं, ते कंसात लिहिलेलं नसेल तर बाटली परत फळीवर ठेवावी.

"सोया सॉसमध्ये गहू कुठून येणार, मॅडम?" आमचे नेहमीचे वाणी मला म्हणाले होते. मी म्हटलं, "काका, हिंगात कुठून येतो?" ते हसले, कारण ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. बाजारातला डबीतला हिंग म्हणजे निव्वळ हिंगाचा चीक नव्हे. त्यात डिंक असतो आणि मैदा किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं. आमच्या घरी दिवाळीला अनारसे निर्धास्त, बेसनाचे लाडू निर्धास्त, शंकरपाळ्यांचा डबा वेगळ्या खोलीत, हे सगळं नीट बसलं होतं. तरी पहिल्या वर्षी चिवड्याच्या फोडणीतल्या हिंगानं फसवलं होतं. खरं तर मराठी घरात गहू सोडणं तितकं अवघड नाही. ज्वारी आहे, बाजरी, नाचणी, तांदूळ आहे. दिल्लीच्या आसपास झालेल्या पाहणीत शंभरात सुमारे एकाला सिलिअ‍ॅक आढळला. रोज तीन वेळा रोटी-पराठा खाणाऱ्या तिथल्या घरांचे हाल आठवले की आपली भाकरी फार मोठी वाटते. घात होतो तो भाकरीच्या बाहेर: हिंगात, सॉसमध्ये, तळणीच्या तेलात, सोया चापच्या मैद्यात.

पर्याय म्हणून दोन बाटल्या आणखी दिसतात. 'लिक्विड अमिनो' म्हणजे न मुरवता तोडलेली सोयाची प्रथिनं. काम भागतं, आब नाही. 'कोकोनट अमिनो' मात्र आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला ओळखीचं वाटेल, कारण त्यात नारळ नसतो, माडाची नीरा असते. मीठ घालून मुरवलेली. गोड, कमी खारट. फ्राइड राइसला चालत नाही, कोळंबीला छान. सोयाबीनचीच अ‍ॅलर्जी असेल तर मात्र या सगळ्यांत हाच एक मार्ग, कारण तामारी तर नखशिखांत सोया.

आता चुलीपाशी. वाढदिवसाच्या त्या प्रकारानंतर बहिणीनं तामारी मागवला. साध्या बाटलीच्या कितीतरी पट महाग, म्हणून आम्ही तो तुपासारखा वापरतो. चमच्यात ओतला की फरक दिसतो: दाट, काळपट तांबूस, वास मंद. गव्हाचा तिखट, दारूसारखा सुगंध त्यात नाही, म्हणून तो वास वरून आणावा लागतो. आलं, कांद्याच्या पातीचा पांढरा भाग, जरा तिळाचं तेल. फ्राइड राइस करताना कढईच्या तापलेल्या कडेनं सॉस सोडायची जी लकब असते, ती तामारीला लावू नये. दाटपणामुळं तो लगेच लागतो आणि कडवटतो. आच मंद करून, भातावर, अगदी शेवटी. दोन वाट्या शिळ्या भाताला दोन लहान चमचे पुरतात. मीठ त्याआधी घालायचं नाही. हे नुसतं चवीसाठी सांगत नाही: सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटनेनं माणसाला दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगितलंय.

तामारीचा खरा कस लागतो झिलईत. पनीर, टोफू किंवा मासा तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून घ्यायचा. एका वाटीत तामारी, तेवढंच पाणी, त्याच्या निम्मा गूळ आणि आल्याचा रस. हे तव्यात सोडलं की मिनिटभरात बुडबुडे मोठे होतात आणि अशी तांबूस चकाकी चढते, जी साध्या सॉसनं येत नाही. जपानात भाताच्या भाजक्या पापड्यांवर हाच सॉस लावतात तो या रंगासाठी. वांग्याच्या जाड चकत्यांवर मी ही झिलई करते. भाची त्याला 'जपानी काप' म्हणते. चायनीजमधल्या बाकीच्या बाटल्यांपैकी व्हिनेगर साधं सिंथेटिक चालतं, माल्ट व्हिनेगर नको, ते जवाचं. ऑयस्टर आणि होइसिन सॉसच्या बाटल्यांच्या पाठी वाचाव्यात, त्यांच्या पोटात बहुतेकदा साधा सोया सॉसच असतो.

तरीही सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला गाडीवरचं हवंच असतं. मागच्या महिन्यात ती म्हणाली, "मावशी, एकदा विचारून तर बघू." एका चांगल्या हॉटेलात विचारलं. वेटरनं कार्डावरून मान वर न करता सांगितलं, "हो हो, आमच्याकडे सगळं ग्लुटेन-फ्री होतं." सॉस कुठला, विचारलं. "सोया सॉस, मॅडम. सोयाचा." आम्ही पाणी पिऊन उठलो.

मग घराजवळच्या चायनीजच्या गाडीवर गेलो. गाडीवाल्या दादांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी गॅस बारीक केला, गाडीखालचा पाच लिटरचा कॅन ओढून काढला आणि फिरवून पाहिला. तेलानं लेबल कधीच गळून गेलं होतं. कॅन खाली ठेवून ते म्हणाले, "ताई, यात काय आहे मलाच माहीत नाही. आणि याच कढईत दिवसभर नूडल्स परततो. पोरीला नका देऊ."

तिला त्या दिवशी खायला काही मिळालं नाही, पण दादांना ती दर वेळी जाता-येता हात करते. हॉटेलवाल्यांना माझी एवढीच विनंती आहे: माहीत नसेल तर तसं सांगा.